चारशे बाराचे दोन पॅटर्न

लीला : तसं नाही पिराजीमामा, पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीला एकच कारण हवंय. एका ओळीत.

पिराजी : एका वळीत कसं मावंल? पंपाच्या चाळीस बॉड्या बाद झाल्यात.

लीला : चारला दादा येणार, वाचणार आणि पत्र पुण्याला जाणार. पुण्याचे लोक म्हणतात, कॉम्प्युटर बरोबर आहे, माहिती भरणाऱ्याची चूक आहे.

पिराजी : माहिती कुणी भरली?

लीला : मी. आठ महिने.

पिराजी : मग मला कशाला बलीवलंसा? मी गेटवर असतोय आता.

लीला : बसा. लिहिलंय तेवढं वाचते. 'आमच्या फौंड्रीत अकराशे चाळीस लाकडी पॅटर्न आहेत. पॅटर्न वाळूत दाबून जो खळगा होतो, त्यात लोखंड ओततात. कुठला पॅटर्न कुठल्या मांडणीवर आहे हे सांगण्यासाठी कॉम्प्युटर आणला.'

पिराजी : आन् त्येच्याआधी कोण सांगत हुतं?

लीला : ते लिहिलेलं नाही.

पिराजी : बरं. फुडं वाचा.

लीला : 'दसऱ्याला मालक दादांच्या हस्ते पूजा झाली. जानेवारीत चाळीस बॉड्यांची ऑर्डर आली. कॉम्प्युटरनं कागद काढून दिला : पॅटर्न नंबर चारशे बारा, मांडणी सात. नवे स्टोअरकीपर बाळासो यांनी तो पॅटर्न काढून दिला. ओतकाम झालं, माल गेला आणि परत आला. बॉडीची भिंत एक सूत पातळ होती.' इथं थांबलेय.

पिराजी : चारशे बारा दोन हायत.

लीला : हं.

पिराजी : एक जुना. त्येला दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी केरबा मिस्त्रीनं रंधा मारून सूतभर कमी केलाय. मग पयल्या गिऱ्हाइकाची ऑर्डर पुन्यांदा आली, तवा केरबानं नवा केला. नंबर त्योच टाकला. वळखायला जुन्यावर निळा ठिपका दिला. केरबा मेला. ठिपका हाय.

लीला : हे तुम्ही मला श्रावणातच सांगितलं होतंत.

पिराजी : सांगितलं हुतं की. सातव्या मांडणीफुडं हुबा ऱ्हाऊन. तुमी म्हणालासा, नोंदवलं.

लीला : नोंदवलं नव्हतं.

पिराजी : आं?

लीला : मी पुण्याला फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, नंबर, नाव, मांडणी, वजन, एवढंच भरायचं. ठिपक्याला जागा नाही. मग तुम्ही जे जे सांगाल ते मी चिठ्ठ्यांवर लिहायला लागले. म्हटलं, शेवटी सगळ्या चिठ्ठ्या दादांपुढे ठेवू.

पिराजी : किती झाल्या?

लीला : त्र्याहत्तर.

पिराजी : बरोबर हाय. असलं पॅटर्न चौऱ्याहत्तर हायत, पर एक वाळवीनं खाल्लाय.

लीला : दसरा जवळ आला. दादांनी निमंत्रणपत्रिका छापल्या. मला म्हणाले, दसऱ्याला मशीन चालू झालं की तुला कायम करतो. चिठ्ठ्या दाखवल्या असत्या तर काम आणखी तीन महिने लांबलं असतं. खंडेनवमीला ही खोली झाडली, तेव्हा मी त्या टाकून दिल्या.

पिराजी : सगळ्या?

लीला : सगळ्या. केरात. दुसऱ्या दिवशी तुम्हाला पेढा दिला.

पिराजी : खाल्ला मी त्यो.

लीला : आता तुम्ही दादांना हे सांगितलंत तरी मी नाही म्हणणार नाही.

पिराजी : ताई, तुमी मला गेटवर काय करताना बघितलासा का?

लीला : गाड्यांचे नंबर लिहिताना.

पिराजी : दादा म्हणालं, पिराजी, आता मशीनला समदं ठावं हाय, तू निवांत बस. गाडी आत आली की नंबर लिव, भाईर गेली की लिव. एकतीस वर्सांनी निवांत बसवलं मला. गोडाऊनची किल्ली बाळासोला दिली. पॅटर्नचं गोडाऊन रस्त्याच्या पल्याड. तिथनं फौंड्रीत यायचं म्हंजे गेटमधनंच यावं लागतंय.

लीला : ते माहीत आहे.

पिराजी : हातगाडी माझ्याफुडनं गेली. वर चारशे बारा हुता. निळा ठिपका माझ्याकडंच तोंड करून हुता.

लीला : तुम्ही बघितलात?

पिराजी : एका हाताच्या अंतरावरनं.

लीला : आणि काय केलंत?

पिराजी : हातगाडीला नंबर नसतोय. कायच लिवलं न्हाय.

लीला : मामा.

पिराजी : उठलो. दोन पावलं गेलतो. मग म्हटलं, मला कुणी इचारलंय? बघूया की मशीन काय करतंय. परत खुर्चीवर बसलो. वाटलं, एक बॉडी वततील, मोजतील, थांबतील. चाळीस वततील असं न्हाय वाटलं.

लीला : मोजायला कोणी आलं नाही?

पिराजी : पयलं वाळूचं साचं करणारं मोल्डर मला येऊन इचारायचं, मामा, ह्योच काय? त्येच मोजणं हुतं. आता कागदावर छापून आल्यावर कोण इचारतंय? चार दिस वतत हुते. चारी दिस म्या डबा परत न्हेला. घरची म्हणाली, भाजी खारट झाली काय? म्हटलं, व्हय.

लीला : हे कुणाला माहीत आहे?

पिराजी : तुमाला. आत्तापास्नं.

लीला : मग काय लिहू? माझ्यावर लिहिलं तर मी परत गारगोटीला जाते. वडील मास्तर आहेत, ते काही बोलणार नाहीत. न बोलता बघतात, तेवढंच. तुमच्यावर लिहिलं तर तुमचं शेवटचं वर्ष आहे.

पिराजी : एकावर कशापायी? लिवा, दोघांनाबी ठावं हुतं.

लीला : दुसरं काही नको?

पिराजी : दुसरं काय घडलंय?

लीला : लिहिलं. सही कराल?

पिराजी : हिकडं आणा.

(चारला दादा आले. फौंड्री त्यांच्या वडलांनी काढलेली, कॉम्प्युटर त्यांनी आणलेला. पिराजीला कॉम्प्युटरच्या या थंड खोलीत बघून ते दारातच थांबले. मग कागद घेऊन उभ्या उभ्याच वाचू लागले.)

दादा : ही शेवटची ओळ कुणाची?

पिराजी : माझी. अक्षर त्यांचं हाय.

दादा : पिराजी, जुन्या चारशे बाराला रंधा मारायला केरबाला कुणी सांगितलं होतं?

पिराजी : तुमी.

दादा : तो काय म्हणाला होता?

पिराजी : म्हणाला, नवा करू, ह्येला हात लावायला नगो. तुमी म्हणालासा, पंधरा दिस थांबायला येळ न्हाय.

दादा : पुण्याच्या साहेबांनी पहिल्या दिवशी मला एकच प्रश्न विचारला होता. एका नंबरचे दोन पॅटर्न आहेत का? मी म्हटलं, आमच्याकडं सगळं शिस्तीत असतंय. शेजारी दुसऱ्या एका फौंड्रीचे मालक बसले होते.

लीला : तुम्हाला आठवत होतं, दादा?

दादा : तोंडातून शब्द गेल्यावर आठवलं. मग परत कुठं बोलायचं. लीला, 'दोघांना' खोड. 'तिघांना' लिही.

लीला : हे असंच पुण्याला पाठवायचं?

दादा : असंच. मशीन आपण परत करतोय, न्यायला सोमवारी त्यांचा टेम्पो येईल. बाळासोला मी दुसरीकडं घेतो. पिराजी, किल्ली त्याच्याकडनं घे.

पिराजी : आन् ताई?

दादा : तिला कायम करतो म्हटलं होतं, दसऱ्याला. ते राहिलंच, आता करतो. तू पुढच्या वर्षी घरी जाणार. तोवर तिला गोडाऊन दाखव. सगळं. ती वहीत लिहील.

लीला : वहीला रकाने कसे पाडायचे?

दादा : मला काय विचारतेस? त्याला विचार.

पिराजी : रकानं मागनं बघू. आदी चला. चाळीस बॉड्या परत वतायच्या हायत, मोल्डर खोळंबल्यात. आन् ताई, त्या पातळ चपला नगत. पायात बूट घाला. तिथं खिळं पडल्यात.