डाव्या पायातला उजेड

सुतार : माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, डॉक्टरबाई, की त्याच्या आतच उजेड पडतो!

डॉक्टर : तो छताचा दिवा आहे, मिस्त्री. आमचा उजेड अजून मांडीपर्यंतही पोचलेला नाही.

सुतार : असं होय. मग मी उगाच हात जोडले.

सिस्टर : हात खाली, काका. सलाइन निघेल. गुंगीचं औषध दिलंय, तर बाकी सगळं झोपलं आणि तोंड तेवढं जागं!

सुतार : झोप नाही ही, सिस्टर. खोलीभर भुसा तरंगतोय. पिवळाधमक, उन्हातला. बरं वाटतंय.

डॉक्टर : आता पडद्याकडे बघा. बारीक नळीच्या टोकाला दिवा आहे. तो तुमच्या डाव्या पायाच्या धमनीत गोल फिरतोय आणि आतली भिंत दाखवतोय.

सुतार : अहो, हे तर कापलेल्या ओंडक्याचं तोंड! वलयं आहेत की.

डॉक्टर : थर दिसतात ती चांगली भिंत. ही ढगाळ बाजू म्हणजे किटण, त्यानंच रक्त अडवलंय. दिव्याशेजारीच पातं आहे. किटण तासायचं, थरांना धक्का लावायचा नाही.

सुतार : म्हणजे रंधा.

डॉक्टर : रंधाच.

सुतार : आणि हात चुकला तर?

डॉक्टर : भिंत फाटेल. आणि वाट मोकळी झालीच नाही, तर अंगठ्याची जखम भरणार नाही. मग बोट कापून भागतंय की पंजा द्यावा लागतोय, ते बघायचं. सकाळी सांगितलं होतं मी.

सुतार : सांगितलंत. पण तेव्हा गुंगी नव्हती, त्यामुळे नीट ऐकू आलं नाही.

सिस्टर : लाकूड चिकटवायचा उकळता सरस अंगठ्यावर सांडला, तरी कळलं नाही म्हणे यांना!

सुतार : कळलं की. वासावरून. दोन वर्षं झाली, त्या पायाला गार कळत नाही, गरम कळत नाही. रुसलेल्या जावयासारखा नुसता पडून असतो.

डॉक्टर : चालता किती?

सुतार : चाळीस पावलं. मग पोटरी आवळून येते. मग मी जवळचं एखादं दार बघत उभा राहतो. चौकट बघायची, बिजागरी बघायची, नापसंतीनं मान हलवायची. तोवर कळ जाते. आमच्या मंडळींना वाटतं, काय हा माणूस, धंद्यावर किती जीव! तिला सांगू नका हं.

सिस्टर : काकूंना ठाऊक आहे. मघाशी बाहेर म्हणाल्या, 'चाळिसाव्या पावलाला दार आलं नाही, तर माझ्या चपलेचा अंगठा तुटतो.'

सुतार : …अहो, त्या चपलांवरून मी दुकानदाराशी तीनदा भांडलोय!

(यंत्राची घरघर. पातं किटण तासू लागतं.)

सुतार : बाई, मी आत चालतोय. वाट मऊ आहे. पुढे तो गोल चंद्र. इथं एकसुद्धा दार नाही, आणि थांबावंसंही वाटत नाही.

डॉक्टर : चाला तुम्ही. मी आणखी एक हात मारते.

सुतार : थर दिसायला लागले, बाई.

डॉक्टर : मलाही दिसतायत. पण किटण थोडं उरलंय.

सुतार : राहू दे की. कमी तासलेलं पुन्हा तासता येतं. जास्त तासलेलं चिकटवायला सरस लागतो, आणि माझा सरस कुठं सांडतो ते बघितलंत.

डॉक्टर : …बरं. पातं मिटवते. सिस्टर, रंग सोडा, रक्त कुठवर जातंय बघू.

सिस्टर : सोडला.

डॉक्टर : गुडघा. पोटरी. घोटा… थांबा. थांबा जरा. पंजात उतरलं! पार अंगठ्यापर्यंत!

सिस्टर : काका, ऐकलंत का? काकूंना सांगून येते!

सुतार : सांगा. पण जायच्या आधी एक काम करा.

सिस्टर : बोला ना, काय हवं ते!

सुतार : डाव्या पायावर चादर ओढा. गार वारं लागतंय.