आठवं पान

चेन्नईतल्या वेलचेरी स्टेशनच्या बाकावर बसलेल्या तुळजाजी आजोबांच्या कानावर मराठी पडलं. शेजारचा माणूस ऑनलाइन औषधदुकानाचा मालक होता, त्याच्यासोबतची मुलगी त्याची वकील. इथे मराठी कुणाला कळणार, म्हणून दोघं मोठ्यानं भांडत होती.

“सवलतीचे पॉइंट हवेत म्हणून त्या गिऱ्हाइकानंच चौकटीत खूण केली ना?”

“ती खूण आपणच आधी करून ठेवली होती, सर. गिऱ्हाइकाच्या औषधांची माहिती विमा कंपनीला द्यायची तर वेगळी परवानगी घ्या, असं मी जानेवारीतच लिहून दिलं होतं.”

“नियमांत आहे ते. आठव्या पानावर.”

“तुम्ही तरी वाचलंय आठवं पान? विमेवाल्यांनी त्याच्या घरी फोन केला, आईनं उचलला. मुलाला कॅन्सर आहे, हे तिला विमेवाल्याकडून कळलं!”

“म्हणून तर त्याची नोटीस आलीय. परवानगी घेतली होती, एवढं उत्तरात लिही आणि सही कर.”

“खोटं लिहू?”

“पगार कशाचा घेतेस?”

“खोट्याचा नाही. सही मिळणार नाही, आणि उद्यापासून मीही येणार नाही.”

तुळजाजींनी तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं दुकानाचं नाव वाचलं. राजसबाईंच्या विस्मरणावरच्या गोळ्या तिथूनच येत. बायकोचं हे दुखणं त्यांनी सुनेलाही सांगितलं नव्हतं.

त्यांनी फोन तिच्यापुढे धरला.

“पोरी, माझं खातं आत्ता पुसून टाक.”

मालक दचकला. “आजोबा, तुमचे सगळे पॉइंट जातील!”

“जाऊ देत की रे!” तुळजाजी एवढ्या जोरात ओरडले, की अख्खा फलाट वळून बघू लागला.