गप्प बसलेला कॅन

हे कुणाला सांगू नको, असं आईनं बजावलंय, पण तुम्हाला सांगते. माझे बाबा घरी बिअर करतात. पुंडलिकनगरात टँकर आठवड्यानं येतो, म्हणून आई ओरडते, "प्यायला पाणी नाय, अन् तुम्ही दारू शिजवता व्हय?"

पहिल्या खेपेला जवाचं पाणी गोडच होईना. बाबांनी मला बोलावलं. "चाखून बघ गं, काय चुकलं?"

"जवाच्या पाकिटावर 'उकळू नका' लिहिलंय, बाबा. तुम्ही चहासारखं उकळलंत."

ते लई हसले. एरवी ते माझ्याशी बोलत नाहीत.

दुसऱ्या खेपेला जवाचं पाणी भरून ठेवलेला कॅन छान बुडबुडला, बिअर जमली. बाबा मित्रांसोबत बसले आणि मला म्हणाले, "तू आत जा."

आता तिसरा कॅन भरलाय. मी रोज त्याला कान लावते आणि मनात म्हणते, बुडबुडू नको रे, निदान बाबा मला हाक तरी—

"चिमे, ये गं! हा कॅन गप्पच बसलाय!"

"आले, बाबा!"