कोणता वास?

...नाही, तुम्हीच सांगा, मला नाक नाही का? हे काय, चांगलं ठसठशीत आहे, चष्मा त्याच्यावरच बसतो, सर्दी झाली की वाहतंसुद्धा. मग माझ्याशी बोलताना लोक रुमाल का धरतात? तुम्हीही धरलाय. असू द्या, धरा. कोणता वास येतो तुम्हाला? मला तर काही येत नाही.

श्रीरामपूरजवळ साखर कारखान्याच्या शेजारच्या शाळेत मी इंग्रजीचा मास्तर. खोली मिळाली ती मळीच्या खड्ड्यामागं. मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरतं ते काळं, चिकट... पहिल्या दिवशी भोवळच आली, घास खाली उतरेना. घरमालकीण मालनबाई म्हणाली, "घाबरू नका गुर्जी, आठ दिस येतो वास, मंग न्हाई येत." खरं बोलली बाई. सहा वर्षं झाली. कोणता वास? मला तर काही येत नाही.

तर तुम्हाला सांगतो, गेल्या माघात, लढाईचा ब्लॅकआऊट उठल्यावर, पुण्याची मंडळी लग्नाच्या बोलण्यासाठी माझं घर बघायला आली. वडील, आई आणि मुलगी लीना. सुधारलेली माणसं, मुलगी स्वतः आलेली, इंग्रजी घेऊन एम.ए. करणारी. आणि बसल्यापासून तिघांची नाकं सूं सूं सूं... मला वाटलं, एस.टी.त वारं लागलं असेल. म्हटलं, विषय आपल्या हातातला आलाय, सोडता कशाला? सुरू केलं. म्हटलं, याला इंग्रजीत स्निफ म्हणतात बरं का. कुठून आला हा शब्द? लॅटिनमधून? नाही. ग्रीकमधून? नाही. सरळ नाकातून आला, नाकाचा आवाज तोच शब्द. हुंगणं म्हणजे स्निफ, सर्दीनं नाक ओढणं म्हणजे स्निफ, तुच्छतेनं नाक मुरडणं स्निफ, मुसमुसणं तेही स्निफ... मी एकेक अर्थ सांगतोय आणि समोर आई एकेक करून दाखवतायत. शेवटी त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, जावई पसंत पडला.

लीना मात्र हसली. छान हसली हो. म्हणाली, "तपकिरीचा स्नफ त्याच कुळातला ना?" सहा वर्षांत या गावात माझ्याशी शब्दांबद्दल कुणी बोललं नव्हतं, मी तिथंच विरघळलो. मग तिनं हळूच विचारलं, "तुम्हाला इथं वास नाही येत?"

मी म्हटलं, "कोणता?"

झालं, तेवढ्यावर लग्न मोडलं. वडील चहा तसाच टाकून उठले. मागाहून निरोप आला, स्थळ उत्तम, पण हवा मानवणार नाही.

म्हटलं, हवा नडतेय ना, गाव सोडतो, पुण्यात नोकरी बघतो, पण आधी तिला विचारतो. चंदनाच्या साबणानं दोनदा आंघोळ केली, धोब्याकडचा शर्ट घातला, कानात अत्तराचा फाया ठेवला आणि पुणं गाठलं. जिने चढून वर गेलो, कडी वाजवायला हात उचलला, आणि तुम्हाला सांगतो, हात लागायच्या आत दार उघडलं. समोर लीना. म्हटलं, वाट बघत होती की काय? कानातला फाया नीट केला. विचारलं, "मी आलोय हे कसं कळलं?"

ती मान खाली घालून म्हणाली, "तुम्ही जिन्यात होता तेव्हाच कळलं."

आणि आतून आईचा आवाज, "लीना, खिडक्या उघड गं."

येताना एस.टी.त शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी, ऐसपैस बसून आलो. खोलीवर शर्ट काढला, नाकाशी धरला आणि जोरात श्वास ओढला. मळीचा राहू द्या, चंदनाचासुद्धा नाही. मला तर काहीच येत नाही.