लोवेलच्या रांगेतलं एक मत

अमेरिकेतल्या लोवेलच्या जुन्या कापडगिरणीचं म्युझियम बघायच्या रांगेत ओवीच्या पुढे एक बाप-लेक उभे होते, आणि चक्क मराठीत भांडत होते! ओवीने कान टवकारले.

“बाबा, हे चित्र बघ ना. पगार कापला म्हणून माझ्याएवढ्या पोरी संप करून रस्त्यावर उतरल्या!”

“त्यांचे बाप व्हिसावर नव्हते, रेवा.”

“व्हिसा तुझा आहे. मी इथेच जन्मले.”

“आणि उद्या तुझ्या कॉफी शॉपमधल्या मतदानात युनियनला हो म्हणून हात वर केलास, की मॅनेजर जॉबवरून काढेल.”

“हात नाही रे वर करायचा! चिठ्ठी टाकायची. एकदम सीक्रेट.”

“सीक्रेट? म्हणजे मॅनेजरला कळणारच नाही?”

“नाही!”

“मग इतके दिवस घाबरतेस कशाला?”

“मी? घाबरतोयस तू!”

“बरं, बरं. टाक हो म्हणून. पण कुठे बोलायचं नाही हं!”

“बाबा, किती ओरडतोस! सगळी रांग ऐकतेय.”

“ऐकू दे. इथे कुणाला मराठी कळतंय?”

आता मात्र ओवीला राहवेना.

“काका, मी कुण्णाला नाही सांगणार! पण ताई, माझ्याकडूनपण एक हो!”