आधी हक्काचं मागा

निफाडच्या स्टँडवर नाशिकच्या बससाठी रांग लागली होती. स्वरदाच्या पुढं एक जोडपं उभं होतं. नवऱ्याचे केस फौजेतल्यासारखे बारीक कापलेले होते.

"अहो, कंपनीत साहेबांना काय सांगणार, बोलून दाखवा बरं."

"टेरिटोरियल आर्मीनं बोलावलं म्हणून गेलो होतो. ड्युटी संपली, आता कामावर घ्या."

"आणि 'माझंच मशीन द्या' असंबी म्हणा."

"निकिता, त्या मशीनवर मयुरेश हाय. मीच शिकवलेला पोरगा. त्याला काढतील गं."

"मग?"

"मिळंल ते काम घेतो. स्टोअरमध्ये, नाय तर रात्रपाळीला."

"कायदा तुमच्या बाजूनं हाय ना?"

"हाय. जुनी जागा, जुना पगार, सगळं द्यावं लागतं."

"मग आधी ते मागा. पदरात पडलं की मयुरेशलाबी ठेवा म्हणून भांडा. आधीच मन मोठं केलंत तर दोघंबी बाहेर."

"बंदूक घेऊन उभं राहणं सोपं होतं बघ."

"तिथं मी नव्हते ना शिकवायला."

"गेटपर्यंत येशील?"

"नाय तर काय, नटूनथटून गोदेच्या घाटावर फिरायला निघालेय? म्हणा आता. जोरात."

त्यानं छाती पुढं काढली.

"साहेब, माझी जागा मला परत पाहिजे!"

रांगेत त्याच्या पुढं उभे असलेले आजोबा दचकून बाजूला झाले.

"घ्या की मग. एवढं रागवायचं काय त्यात?"

स्वरदानं हसू दाबायला ओठ घट्ट मिटून धरले.

"बघा," निकिता नवऱ्याला म्हणाली, "मागितली की मिळते."