लिंबू चिरडल्यावर गाडी मागे नेत नाहीत

नाव कुंदन नत्थुजी वानखडे, वय ३६ वर्षे, धंदा टायर व मॅगव्हील फिटिंगचे दुकान, राहणार जुने शहर, अकोला.

आज शुक्रवारी पोलीस स्टेशनला समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, दुकानात मी एकटाच काम करतो. अठरा वर्षांत माझ्या हातचे चाक निघाल्याची तक्रार नाही.

सकाळी नऊच्या सुमारास बाळापूरचे शेतकरी चंदन किसनराव गावंडे काळी एसयूव्ही घेऊन आले. सोबत आई पार्बताबाई व पत्नी रागिणी होत्या. रागिणीताईंना सातवा महिना असून त्यांना चांदूर बाजारला माहेरी सोडायला निघाले होते. सासऱ्यांच्या दारात नव्या चाकांवर उतरायची चंदनरावांना हौस होती.

मी चारही मॅगव्हील, म्हणजे अलॉयची नवी चाके, बसवली. गाडी जॅकवर असताना नट हातानेच लावतो. पाना लावून पक्के आवळतो ते चाक जमिनीला टेकल्यावर. गाडी खाली घेतली तोच पार्बताबाई म्हणाल्या, "साडेदहाले राहुकाळ लागते. त्याच्या आंधी पूजा कर." पाचच मिनिटे उरली होती. मी चाकांखाली लिंबे ठेवली, गाडी पुढे गेली, लिंबे चिरडली. मी म्हणालो, "दादा, मांगं घ्या, नट कसायचे राहिले." पार्बताबाईंनी मला दरडावले, "लिंबू चिरडल्यावर गाडी मांगं नेत नसते. एवढं बी समजत नाही तुले?" चंदनराव म्हणाले, चौकातून वळवून आणतो. मी पूजेचा पेढा खात उभा राहिलो. पाना घेऊन गाडीमागे पळायला पाहिजे होते. ही चूक माझी आहे.

गाडी आली नाही. चंदनरावांना फोन लावला तर तो पार्बताबाईंनी उचलला. "निघालो त निघालो. अमरावतीले कसून घेऊ, डोकं नको खाऊ," म्हणून ठेवला. नंतर उचललाच नाही.

मी १०.५० वाजता ११२ वर फोन केला. तिकडच्या बाईंनी विचारले, अपघात झाला का? मी म्हणालो, नाही, अजून नाही. त्यांनी नाव, गाव, पत्ता विचारायला घेतला. तेवढ्यात गाडी दोन किलोमीटर पुढे जाते, म्हणून मी सांगितले की काळी गाडी चोरीची आहे, मूर्तिजापूर रोडने पळाली. मग भराभर सूत्रे हलली.

बोरगाव मंजूच्या अलीकडे पोलिसांनी गाडी अडवली. मी मोटारसायकलने पोहोचलो तेव्हा चंदनरावांनी माझी कॉलर धरली. "मले चोर ठरवलं काहून बे?" मी मागच्या डाव्या चाकाजवळ बसलो. दोन नट गळून पडले होते. उरलेले मी सर्वांसमोर दोन बोटांनी फिरवून दाखवले. तेव्हा चंदनरावांनी कॉलर सोडली.

पार्बताबाई म्हणाल्या, "लिंबू कामी आलं, बाप्पा." पोलीस कामी आले, हे मी त्यांना सांगितले नाही.

नवे दोन नट लावून चारही चाके मी तिथेच पान्याने आवळली. तेव्हा जिवात जीव आला. खोटी खबर दिली हे कबूल आहे. जी कारवाई होईल ती सोसेन. तिघेही धडधाकट आहेत, एवढे मला पुरे.

रागिणीताई बाहेर बाकावर बसल्या आहेत. "कुंदनभाऊ गाडीत बसल्याशिवाय मी बसत नाही," असे त्यांनी सर्वांसमोर सांगितले आहे. त्यामुळे मला चांदूर बाजारपर्यंत जाणे भाग आहे. तोवर माझी मोटारसायकल स्टेशनच्या आवारात राहू द्यावी, ही विनंती.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे, म्हणून सही करतो.